मोईन सरांचे हिरवे पट्टे

वाईट बातमी पत्रानं कळवावी की समक्ष जाऊन सांगावी, यावर आमच्या घरी दोन पक्ष आहेत. आई म्हणते पत्र लिहावं, माणसाला निदान एकट्यानं रडता येतं. मी समक्ष पक्षाची. त्यामुळे औरंगाबादला जायचं ठरलं तेव्हा दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत रेणूंच्या वर्णपटाचं काम करते. हे काय असतं, असं लग्नाकार्यात कुणी विचारलं तर मी सांगते, गॅसच्या शेगडीवर मीठ सांडलं की ज्वाळ पिवळी होते ना, तसंच. प्रत्येक पदार्थ तापला की आपापल्या रंगाचा उजेड देतो. तो उजेड पसरून पाहिला की अणूंच्या बारीक रेषा दिसतात आणि रेणूंचे रुंद पट्टे. कुठला पट्टा कुणाचा हे ओळखणं हा आमचा धंदा. इथपर्यंत आलं की लोक मान डोलावतात आणि पंगतीला जाऊन बसतात.

आमच्या या लहानशा गावकीत हिरव्या पट्ट्यांची एक माळ ‘मोईनचे पट्टे’ म्हणून प्रसिद्ध होती. औरंगाबादच्या मोईनोद्दीन सरांनी ती तरुणपणी शोधली आणि एका धातूच्या क्लोराइडच्या नावावर लावली. धातूचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही. अडचण एकच होती. क्लोराइडचे पट्टे जितक्या अंतरावर हवेत, त्याच्या दुप्पट अंतरावर हे पट्टे होते. सरांनी तेव्हा लिहिलं की दर दोन पट्ट्यांच्या मधे एकेक फिकट पट्टा असलाच पाहिजे; प्रकाशचित्राची काच अधिक वेळ उजेडात ठेवली तर तो दिसेल. हे वाक्य पाठ करूनच आमची पिढी परीक्षा पास झाली.

आमच्याकडे नवं लेसर आलं तेव्हा ते मधले पट्टे पाहायचे म्हणून मी हौसेनं हा प्रयोग लावला. मधे काही नव्हतं. मग प्रयोगाच्या नळीतून क्लोरीन पार हाकलला, तरी हिरवे पट्टे जागच्या जागी. मग हवेतल्या ऑक्सिजनऐवजी त्याचा जड भाऊबंद आत सोडला, तर पट्टे मुकाट्यानं सरकले. म्हणजे ते क्लोराइडचे नव्हतेच, ऑक्साइडचे होते. नळीत राहून गेलेल्या जराशा हवेनं सगळ्यांना चकवलं होतं.

दुसऱ्याच्या पट्ट्यांवरचं नाव बदलायचं तर छापण्याआधी त्याला विचारायचं, अशी आमच्यात रीत आहे. मी सरांना लिहिलं की पट्ट्यांबद्दल बोलायचं आहे. उलट टपाली उत्तर आलं, ‘जरूर या. सीताफळं आली आहेत. मुक्काम आमच्याकडेच.’ आता या माणसाला पत्रातून कसं सांगायचं?

औरंगाबाद, आणि भलतेच मोईन सर

स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला मोईन सरांचं घर विचारलं. तो म्हणाला, “बैठो. मोईन सरको कौन नै जानता?” आणि त्यानं मला शहागंजच्या पुढं एका बोळात, गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेच्या दारात सोडलं. ते मोईन सरही भले गृहस्थ. मी क्लच-ब्रेकचं काही विचारत नाही आणि सारखी पट्टे म्हणते हे पाहून त्यांना वाटलं, मी सीटबेल्टची चौकशी करते आहे. गैरसमज दूर झाल्यावर त्यांनी चहा पाजला, आणि “वो मोईन सर जो काच की पट्टियां देखते रैते?” असं म्हणून आपल्या शिकाऊ गाडीतून मला योग्य घरी पोचवलं. गाडी एक विद्यार्थी चालवत होता. त्या प्रवासाबद्दल इतकंच सांगते की पोचलो.

सर उंच, वाळलेले, जाड भिंगांचा चष्मा. घरात पांढरा पायजमा, पण पाहुणी येणार म्हणून वर कोट घातलेला. त्यांच्या पत्नीला सगळा मोहल्ला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो, मीही म्हणू लागले. मी पिशवी उघडून कागद काढायला लागले तर सरांनी हात वर केला.

“बेटा, आधी खाना. उपाशी माणसाचं स्पेक्ट्रम खरं येत नाही.”

आमच्या रत्नागिरीकडे पाहुण्याला आधी परतीची गाडी कधीची ते विचारतात, मग पाणी. इथं परतीचा विषय काढला की अपमान होतो, हे मला खालांच्या चेहऱ्यावरून कळलं. भट्टीतून आणलेले ताटाएवढे पिवळसर नान, मऊ लुसलुशीत, आणि त्याबरोबर मटणाचा लालभडक खलिया. मी मासे खाणारी बाई, मटणाचं मला फारसं कौतुक नाही, पण त्या दिवशी मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. मनात अपराधी वाटत असलं की मला जास्त भूक लागते.

जेवताना सर आपली कथा सांगत होते. शिक्षण हैदराबादला, सगळं उर्दूतून. स्पेक्ट्रमला तैफ म्हणत, रेणूला सालिमा. “पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो. काही दिवस प्रयोगशाळेला कुलूप. उघडली तेव्हा हळूहळू सगळं इंग्रजीतून सुरू झालं. तैफ म्हणत होतो, स्पेक्ट्रम म्हणायला लागलो. रेषा त्याच होत्या.” मोठे भाऊ कराचीला गेले. सर औरंगाबादला परत आले, कारण आई इथं होती आणि ती कुठं जायला तयार नव्हती. कॉलेजात शिकवता शिकवता वर्णपट टिपणारा जुना स्पेक्ट्रोग्राफ दुरुस्त केला, त्यावर हे हिरवे पट्टे सापडले. परदेशातून अभिनंदनाची पत्रं आली. गावात कुणाला काही कळलं नाही, पण दूधवाला ‘सायंटिस्ट साब’ म्हणू लागला.

“आणि मधले पट्टे?” मी विचारलं. माझ्या तोंडून ते निघूनच गेलं.

सरांनी नानाचा आणखी एक तुकडा मोडला. खाला म्हणाल्या, “उसी के पीछे तो बाल सफेद हुए. ईद की नमाज पढके सीधे डिपार्टमेंट. शीरखुर्मा मैं डब्बे में भेजती थी.”

दुसऱ्या दिवशी सरांनी मला कॉलेजातल्या त्यांच्या विभागात नेलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी एका कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच आहे. कपाटात काचाच काचा. एकच हिरवी माळ, पुन्हा पुन्हा घेतलेली. दर वेळी आधीपेक्षा जास्त वेळ. शेवटच्या काचांवर मुख्य पट्टे उजेड खाऊन खाऊन काळेठिक्कर झाले होते. मधली जागा कोरी.

“माझंच कमी पडलं,” सर शांतपणे म्हणाले. “इथलं पाणी जड, काचा धुतल्या की डाग पडतात. वीज वर-खाली होते, उजेड एकसारखा राहत नाही. आणि नजर तर तू बघतेसच.” त्यांनी चष्मा वर-खाली केला. “कुठंतरी चांगलं यंत्र असेल, तिथं ते एका दुपारी दिसतील. मला खात्री आहे.”

ते यंत्र माझ्याकडे होतं. मी काच परत खाचेत ठेवली आणि दौलताबाद इथून किती लांब आहे, असलं काहीतरी विचारलं.

पिशोर

त्याच दुपारी सरांचे विद्यार्थी प्राध्यापक काकडे मला त्यांच्या गावी, पिशोरला घेऊन गेले. सरांनंतर आता विभागात वर्णपटाचं काम तेच बघतात. मूळ घर शेतकऱ्याचं. भाऊ शेती करतात, हे शहरात शिकवतात आणि सुट्टीला गावी पळतात. गाव दाखवायचंय असं ते सरांना म्हणाले खरे, पण जीपमध्ये बसल्यापासून एक अक्षर बोलले नाहीत, तेव्हाच मला शंका आली.

पिशोरला बाजार होता. जीप माणसांतून, मिरच्यांतून आणि एका हट्टी रेड्याच्या मागून काढत घरी पोचलो. काकडेंच्या वहिनींनी येसर केलं होतं. भाजलेल्या धान्याच्या पिठाची झणझणीत आमटी, त्यात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वहिनी म्हणाल्या, “तिखट लागलं व्हय? तुमच्याकडं नारळ घालून गोड करत्यात म्हनं सगळं.” मी कोकणाची बाजू मांडणार होते, पण जीभ ताब्यात नव्हती.

जेवण झाल्यावर काकडे मला कपाशीच्या बांधावर घेऊन गेले.

“मॅडम, तुम्ही कशाला आलात ते मला कळलंय. ऑक्साइड हाय ना ते?”

“हो. पण तुम्हाला कसं कळलं?”

“मला बी बऱ्याच वर्षांपासून वास येतोय. लेसर नाय आमच्याकडं, पण गणित तर हाय. अंतर ऑक्साइडचंच बसतंय. सरांना म्हणायची हिंमत झाली नाय.” ते खाली बसले, मातीचं ढेकूळ हातात चुरत राहिले. “मी त्यांच्याकडं शिकत होतो तवा मला एकदा मधला पट्टा दिसला. लई आनंद झाला, मला वाटलं झालो मी डॉक्टर. सर म्हणाले, उद्या परत बघ, अन्‌ मी कुठं बघायचं ते सांगणार नाय. दुसऱ्या दिवशी तो तिथं नव्हता. पाण्यातल्या खड्यानं ओरखडा पडला व्हता काचेवर, उजेड तिरका आला की पट्ट्यावाणी दिसायचा. त्यांनी ती काच फेकली नाय, बाजूला ठिवली. म्हणाले, ही आपल्याला खोटं बोलायला शिकवत व्हती.”

“मग त्यांना खरं चालेल की.”

“मॅडम, त्यांना मूल नाय. बाकीचे लोक संशोधन सोडून पदं घेत गेले, मोठे झाले. ह्यांनी त्या मधल्या पट्ट्यांपायी सगळं सोडलं. आता तेच नाय म्हणलं तर दुसरं काय हाय त्यांच्यापाशी? सांगू नगा. छापायचं तर छापा, पण चार-दोन वर्षं थांबा.”

चार-दोन वर्षं म्हणजे काय हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी म्हणाले, बरं, थांबते. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. परतीच्या वाटेवर मी खिडकीतून सगळं निवांत पाहिलं. लालसर माती, मक्याचे ढीग, लांबवर आडव्या पसरलेल्या सपाट माथ्याच्या टेकड्या. कोकणात डोळा दहा पावलांवर झाडाला अडकतो. इथं तो जातो तो जातोच. आई ऐकेल तर म्हणेल, एवढं भाडं खर्चून गेलीस आणि न सांगताच आलीस! म्हणू दे.

दौलताबाद

तिसऱ्या दिवशी सरांचा हुकूम सुटला की किल्ला पाहिल्याशिवाय जायचं नाही. ते स्वतः गुडघ्यांमुळे चढत नाहीत. खाली झाडाखाली सीताफळांची पाटी घेऊन बसले, काकडे त्यांच्याजवळ थांबले आणि मी एकटी वर निघाले.

मी वर्णपट पाहणारी बाई, अंधाराची मला सवय आहे, असं मी किल्ल्यातल्या भुयारी वाटेच्या, ज्याला अंधारी म्हणतात तिच्या, तोंडाशी एका शाळेच्या सहलीला ऐकवलं. आत शिरल्यावर वटवाघळं फडफडली आणि सर्वांत मोठ्यानं मी ओरडले. बाहेर आले तर उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला. सहलीच्या मास्तरीणबाईंनी आपल्या पदराची पिन काढून तो जोडून दिला. अर्ध्या किल्ल्यावरूनच लंगडत खाली उतरले. वरून फार छान दिसतं म्हणतात.

सरांनी एक पिकलेलं सीताफळ उकलून माझ्या हातात दिलं. मग अगदी सहज म्हणाले, “बेटा, तुझ्याकडे लेसर आहे. मधले पट्टे दिसले का?”

काकडेंनी माझ्याकडे पाहिलं. मी सीताफळाकडे.

“काकडेनं तुला गप्प बसवलंय,” सर म्हणाले. “काल पिशोरहून आल्यापासून तो माझ्याशी नजर मिळवत नाही. चांगला मुलगा आहे. पण मी तुला विचारतोय.”

या माणसाशी खोटं बोलणं मला जमलं नाही. “नाही दिसले, सर.”

“किती बारकाईनं बघितलं?”

मी सांगितलं. त्यांच्या काचांवर जे दिसू शकलं असतं, त्याच्या कित्येक पट फिकं असतं तरी आमच्या यंत्राला दिसलं असतं.

“मग?”

“ते क्लोराइड नाही, सर. ऑक्साइड आहे.”

काकडे उठून जीपकडे गेले आणि उगाच टायर बघू लागले. सरांनी एक बी थुंकली. मग त्यांनी माझी जी परीक्षा घेतली, तशी माझ्या पीएचडीलाही कुणी घेतली नव्हती. क्लोरीन पुरता गेला हे कशावरून? नळी कशाची होती? जड ऑक्सिजन कितपत शुद्ध? पट्टे सरकले ते कुठल्या टोकाला जास्त? माझ्या प्रत्येक उत्तराला एक बी. मी पिशवीतून कागद काढला. त्यांनी चष्मा काढून तो डोळ्यांच्या अगदी जवळ धरला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

“ऑक्साइडचं अंतर एवढंच असतं,” ते शेवटी म्हणाले.

“हो.”

“म्हणजे मधे काही असायलाच नको.”

“नको, सर.”

“थे ही नहीं.” हे ते स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्यानं हाक मारली, “काकडे, इकडे ये. अरे, ते नव्हतेच!”

काकडे आले. सर हसत होते आणि डोळे पुसत होते. त्यांनी काकडेंचा हात धरून खाली बसवलं.

“मला वाटायचं माझी नजर कमी. माझं पाणी खराब, माझी वीज खराब. कुणीतरी परदेशात एका दुपारी ते पट्टे काढील आणि म्हणेल, औरंगाबादच्या माणसाला एवढं दिसलं नाही? हेच मनात घेऊन मी रोज झोपायचो. आणि काय, तर तिथं काहीच नव्हतं. मग दिसणार कसं?”

“सर, पट्ट्यांवरचं तुमचं नाव जाणार,” काकडे म्हणाले.

“जाऊ दे की. दुसऱ्याच्या घरावर माझी पाटी लावली होती.” मग त्यांनी सीताफळाची सालं गोळा करून बाजूला ठेवली. तेवढ्यापुरतं वाईट वाटलं त्यांना, लपवलं नाही. पत्र्याच्या टपरीवर चहा झाला, तो प्यायल्यावर म्हणाले, “एवढा हलका मी बऱ्याच वर्षांत झालो नव्हतो. गुडघे असते तर किल्ला चढलो असतो.”

मलाही तसंच हलकं वाटत होतं. आदल्या दिवशी पिशोरच्या वाटेवर जे सुटल्यासारखं वाटलं होतं ते काही खरं नव्हतं, हे मला तिथं कळलं.

घरी पोचल्यावर सरांनी दारातूनच खालांना सांगितलं. खालांनी सगळं नीट ऐकून घेतलं, ऑक्साइडसकट.

“मतलब जो था ही नै, उसके वास्ते मैं इत्ते बरस अकेली खाना खाई?”

“हौ,” सर म्हणाले.

“तो आज से साथ बैठके खाना. और ये काकडे कू भी बिठाओ, मुंह देखो उसका.” त्या आत गेल्या आणि तव्याचा आवाज यायला लागला. त्या संध्याकाळी आम्ही चौघं जमिनीवर अंथरलेल्या एका दस्तरखानाभोवती बसलो. काकडे आधी नुसतेच बसले होते, मग जेवायला लागले आणि थांबेचनात.

परत

निघताना सर स्टँडवर आले. सीताफळांची पाटी काकडेंच्या डोक्यावर. प्राध्यापक माणूस पाटी घेऊन चाललेला पाहून त्यांचे दोन विद्यार्थी धावत आले, तर यांनी त्यांना पिटाळलं. एसटी लागली, मला खिडकीची जागा मिळाली, आणि सर खालून गजाला धरून उभे राहिले.

“तुझ्या रिसर्च पेपरात माझ्या चुकीला चूक म्हण,” ते म्हणाले. “कदाचित वगैरे नको. त्या काळी साधनं नव्हती, असलं तर अजिबात लिहू नको. साधनं पुरेशी होती, मी नाव चुकीचं लावलं.”

मी म्हणाले, लिहीन. ड्रायव्हर चढला.

“आणि एक ओळ माझ्यासाठी घाल. जे नव्हतं, ते औरंगाबादला कुणालाही कधी दिसलं नाही.”

गाडी हलली. सर हात हलवत नव्हते, नुसते ताठ उभे होते, कोटाची सगळी बटणं लावून. ती ओळ मी घातली आहे. इंग्रजीत ती थोडी कोरडी वाटते, आणि पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांनी ती अनावश्यक आहे असं कळवलं होतं. मी काढली नाही.